गजरा माळावा का, पुस्तक घेऊन बसावे का?

प्रश्न : माझे वय ५७. मी नाशिकला राहते. ह्यांचे वर्षश्राद्ध होऊन तीन महिने झाले. पहिले वर्ष कसे गेले ते मला नीट आठवतही नाही. मात्र गेल्या काही आठवड्यांपासून लहानसहान गोष्टींनी मन अचानक प्रसन्न होते, आणि त्याचीच मला धास्ती वाटते. संध्याकाळी भाजी आणायला गेले की मोगऱ्याचा गजरा घेते. आयुष्यात पहिल्यांदा नखांना राणी रंगाचे नेलपॉलिश लावले. कणीक आणि भांडी यांत ते टिकायचे नाही म्हणून इतकी वर्षे कधी लावलेच नव्हते. सार्वजनिक वाचनालयाची सभासद झाले आहे. दुपारी खिडकीशी बसून वाचते, पान उलटताना स्वतःचीच रंगवलेली बोटे दिसतात आणि बरे वाटते. परवा नात्यातल्या साखरपुड्याला गजरा माळून गेले, तर मोठ्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इतक्यात?" मी म्हटले, "ह्यांनाही मोगरा आवडायचा." पण घरी येऊन गजरा काढला तो काढलाच, नंतर घेतला नाही. मुलगा पुण्याला असतो. तो प्रेमळ आहे, पण म्हणतो, "आई, वेळ आहे तर काहीतरी भरीव कर, एखादा कोर्स लाव, निदान वर्षाला पन्नास पुस्तकांचे टार्गेट ठेव." माझे प्रश्न असे : असा आनंद वाटणे गैर आहे का? असल्या किरकोळ गोष्टींना काही अर्थ असतो का? हे बरे वाटणे टिकेल, की जसे आले तसे जाईल? आणि शेवटचे : यंदा चैत्रगौरीला चार बायकांना डाळ-पन्ह्याला बोलवावे आणि ओटीऐवजी एकेक पुस्तक द्यावे असे मनात आहे. मी हे करावे का? (नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, आणि हे मी आधी सांगते, कारण पत्रभर तुम्ही स्वतःच्या आनंदाबद्दल कुणाची तरी माफी मागत आहात. बाकीची उत्तरे सविस्तर देते, पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. तुम्हाला बरे वाटते आहे यात गैर काहीही नाही, आणि साखरपुड्यानंतर बंद केलेला गजरा तुम्ही उद्या संध्याकाळीच पुन्हा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या धास्तीविषयी. आपल्याकडे अशी एक समजूत आहे की माणूस आधी पूर्णपणे दुःखात बुडालेला असतो, मग हळूहळू त्यातून बाहेर येतो, आणि पुरता बाहेर आल्यावरच त्याने हसावे-नटावे. प्रत्यक्षात असे घडत नाही. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९९ मध्ये असे मांडले की जवळचे माणूस गमावलेली व्यक्ती दोन मनःस्थितींमध्ये सतत ये-जा करीत असते : कधी ती गेलेल्या माणसाच्या आठवणीत असते, रडते, त्याचे कपडे हाताळते, त्याच्या खुर्चीकडे पाहत बसते, आणि कधी ती बदललेल्या जगण्यात असते, म्हणजे बँकेची कामे शिकते, एकटीपुरता स्वयंपाक करू लागते, नवे काहीतरी करून पाहते. ही ये-जा म्हणजे मनाचा चंचलपणा नव्हे. सावरण्याची रीतच अशी आहे. तुम्ही सकाळी त्यांच्या फोटोसमोर रडलात आणि संध्याकाळी गजरा घेतलात, तर सकाळचे रडणे खोटे ठरत नाही आणि संध्याकाळचा आनंदही खोटा ठरत नाही. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, जोडीदार जाऊन काही महिने झालेल्या माणसांना त्या जोडीदाराविषयी बोलते केले होते. बोलता बोलता ज्यांना मनापासून हसू आले, त्यांचे मन इतरांच्या मानाने अधिक सावरलेले आढळले. हसण्यामुळे ती सावरली की सावरत होती म्हणून हसू शकली, हे एवढ्यावरून ठरत नाही. परंतु हसू फुटणे म्हणजे प्रेम आटणे, हा जो आरोप तुम्ही स्वतःवर ठेवला आहे, त्याला त्यात काडीचाही आधार नाही.

वासाच्या बाबतीत तर ही दोन्ही टोके एकाच क्षणी भेटू शकतात, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते. वासाचे संदेश मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत इतर संवेदनांच्या मानाने जवळच्या वाटेने पोचतात. त्यामुळे एखाद्या संध्याकाळी मोगरा हातात घेताच मन फुलून येण्याऐवजी डोळे भरून येतील. तसे झाले तर गजऱ्याने घात केला असे समजू नका, आणि दुसऱ्या दिवशी फुलवाल्याचा रस्ता टाळू नका.

जाऊबाईंना तुम्ही जे उत्तर दिलेत, त्यावर मात्र मला थोडे थांबावेसे वाटते. "ह्यांनाही मोगरा आवडायचा," असे तुम्ही म्हणालात. ते खरेच असेल, आणि ती आठवण गोडच आहे. पण त्या क्षणी तुम्ही ती परवान्यासारखी पुढे केलीत, म्हणजे गजरा माळण्याची मुभा तुम्हाला त्यांच्या आवडीमुळे मिळते असे झाले. मग नेलपॉलिशचे काय करणार? ते त्यांना आवडायचे की नाही हे तुम्हाला ठाऊकसुद्धा नसेल, कारण तुम्ही ते कधी लावलेच नव्हते. वाचनालयातून आणलेल्या ज्या पुस्तकाविषयी त्या घरात कधी बोलणेच झाले नाही, ते कोणाच्या आवडीच्या खात्यावर मांडणार? या गोष्टी तुम्हाला आवडतात, एवढे कारण पुरेसे आहे, आणि ते तुमच्या तोंडून यावे असे मला फार वाटते. पुढच्या वेळी कोणी "इतक्यात?" म्हणालेच, तर आवाज न चढवता आणि मान खाली न घालता, "हो वहिनी, मला आवडतो," इतकेच म्हणा आणि दुसरा विषय काढा. स्पष्टीकरण देऊ लागलात की समोरची व्यक्ती ते तपासू लागते.

जाऊबाईंविषयी मला राग नाही. 'इतक्यात' हा शब्द त्यांनी एकट्यांनी घडवलेला नाही. तो त्यांच्या कानावर लहानपणापासून पडत आला असणार. तुमच्या पत्रात गजरा आणि पुस्तक या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या आहेत, आणि महाराष्ट्रात नेमक्या याच दोन गोष्टी विधवेपासून वर्षानुवर्षे दूर ठेवल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय विधवांचे केशवपन केले जाई. १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवली आणि विधवांच्या केसांना वस्तरा न लावण्याचा निर्धार केला, इतकी ती रूढी घट्ट होती. मुलीने अक्षर गिरवले तर ती लवकर विधवा होते, अशीही समजूत होती, आणि रमाबाई रानडे यांच्यासारख्या न्यायाधीशाच्या पत्नीलाही लिहायला-वाचायला शिकताना घरातल्याच बायकांचा रोष सोसावा लागला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले ते प्रामुख्याने विधवांना शिकता यावे म्हणून. म्हणजे ज्या केसांत तुम्ही गजरा माळता ते केस आणि जे पुस्तक तुम्ही मांडीवर घेता ते पुस्तक, दोन्हींसाठी या भूमीत भांडावे लागलेले आहे. हे भांडण जुनेही झालेले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. हे सारे तुम्ही साखरपुड्यात सांगत बसावे असे मी म्हणत नाही. घरी एकट्या असताना गजरा काढावासा वाटला, तर तेवढे आठवावे, इतकेच.

आता किरकोळपणाचा प्रश्न, आणि त्याला जोडून मुलाचा 'भरीव' हा शब्द.

दिवस कशाचा बनलेला असतो, याचा विचार केला तर तो लग्न, बदली, आजारपण, मृत्यू अशा मोठ्या घटनांचा बनलेला नसतो. रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये रोजच्या बारीक कटकटी आणि रोजचे बारीक सुखाचे क्षण यांच्या मोजणीच्या पद्धती मांडल्या, तेव्हा रोजच्या कटकटींचा मनःस्वास्थ्याशी असलेला संबंध आयुष्यातील मोठ्या घटनांपेक्षाही अधिक निकटचा निघाला. बारीक गोष्टी त्रास द्यायला इतक्या समर्थ असतील, तर बारीक सुखांना किरकोळ म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही.

आणि जवळून पाहिले तर त्या किरकोळही नसतात. मोगराच घ्या. दुपारी फुलवालीच्या टोपलीत पडलेल्या कळ्या हिरवट पांढऱ्या आणि घट्ट मिटलेल्या असतात, नाक लावले तरी जेमतेम वास येतो. दिवे लागण्याच्या सुमारास त्या उमलू लागतात आणि रात्री वास सर्वांत दाट होतो. म्हणून घेताना पूर्ण फुललेला गजरा न घेता मिटल्या कळ्यांचा घ्यावा, माळायला वेळ असेल तर तो ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा, आणि झोपताना उशाशी वाटीत ठेवावा. सकाळी कडा तपकिरी झालेल्या असल्या तरी खोलीत रात्रीचा वास रेंगाळत असतो. हे सगळे तुम्हाला बहुधा ठाऊक आहे. मी ते लिहिते आहे ते एवढ्यासाठी की इतके बारकावे ज्या गोष्टीत आहेत, तिच्याकडे लक्ष देणारे मन रिकामटेकडे नसते. ज्या वर्षाचे तुम्हाला काही आठवत नाही, त्या वर्षात मोगरा फुललाच होता. तो दिसत नव्हता. आता दिसू लागला आहे, आणि तुमच्या प्रकृतीच्या दृष्टीने ही मोठी घटना आहे.

नेलपॉलिशबद्दल थोडेच सांगते. पातळ हात द्या, पहिला पूर्ण वाळू द्या, मग दुसरा द्या, म्हणजे धुण्याभांड्यांतही ते बऱ्यापैकी टिकते. आणि कडेने उडाले तर उडू द्या, रविवारी पुन्हा लावा. तेहेतीस-पस्तीस वर्षे तुमचे हात दुसऱ्यांसाठी राबले. ते स्वतःला पाहायला सुंदर दिसावेत, ही इच्छा मला अतिशय योग्य वाटते.

पुस्तकांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण तिथे मुलाने प्रेमापोटीच पण चुकीचा सल्ला दिला आहे. तुम्ही ज्या वाचनालयाच्या सभासद झालात ते १८४० पासून नाशिकमध्ये आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे. पुढे १९६७ मध्ये राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा केला आणि गावोगावच्या लहान वाचनालयांनाही अनुदानाचा आधार मिळाला. या संस्था टिकल्या त्या कोणी वर्षाला किती पुस्तके संपवली याचा हिशेब ठेवल्यामुळे टिकल्या नाहीत. लोक संध्याकाळी तिथे जातात, कपाटापाशी रेंगाळतात, आणायला गेलेले पुस्तक सोडून भलतेच घेऊन येतात, म्हणून त्या टिकल्या. वाचनालयाच्या पुस्तकात एक गोष्ट असते जी विकत घेतलेल्या नव्या पुस्तकात नसते : शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के असतात, एखाद्या परिच्छेदाशेजारी कोणीतरी पेन्सिलीने बारीक रेघ ओढलेली असते, कधी पानांत जुने बसचे तिकीट सापडते. दुपारी घरात एकटे बसून वाचताना, हे पान आपल्याआधी कोणीतरी वाचले आहे आणि इथेच थबकले आहे, हे जाणवते. घर रिकामे झालेल्या माणसाला त्या सोबतीचा किती आधार वाटतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्यामुळे पन्नासचा आकडा मनातून काढून टाका. आकडा आला की तुम्ही जाडजूड पुस्तके टाळाल, आवडलेले पुस्तक पुन्हा वाचायला कचराल, आणि न आवडलेले अर्ध्यावर सोडून देण्याचा वाचकाचा मोलाचा हक्क गमावाल. कविता वाचत असाल तर दुपारभरात एकच पान झाले तरी चालेल. एकाग्रता होत नसेल, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षात ती पुष्कळांची होत नाही, तर सलग कादंबरीऐवजी जुने दिवाळी अंक आणा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून या भाषेत ही एक अशी सोय झाली आहे की एकाच अंकात कथा, कविता, लेख आणि व्यंगचित्रे मिळतात, वाटेल तिथून सुरुवात करता येते आणि वाटेल तिथे थांबता येते. मुलाला सांगा की तुझी काळजी मला समजते, पण मी सध्या जे करते आहे ते वेळ घालवणे नाही. त्याला तुमचे रिकामपण घाबरवते आहे, असा माझा कयास आहे. वडील त्याचेही गेले आहेत. दर आठवड्याला फोनवर वाचलेल्यातले काहीतरी त्याला वाचून दाखवा. कोर्स लावल्याचे ऐकून त्याला जेवढा धीर आला असता, त्याहून अधिक तुमच्या वाचण्याच्या आवाजाने येईल.

हे टिकेल का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की याच रूपात ते टिकणार नाही. मनाला सुखाची सवय होते. जी गोष्ट पहिल्यांदा अंगावर रोमांच आणते तीच रोज झाली की नजरेआड होते. नेलपॉलिशचा तो राणी रंग आज पान उलटताना तुम्हाला दिसतो, दोन महिन्यांनी दिसेनासा होईल. यावर अधिक खरेदी हा उपाय नाही, हे मी आवर्जून सांगते, कारण बाजार नेमका तोच उपाय सुचवतो आणि मग बाटल्यांचा डबा भरत जातो. उपाय खंड पाडण्याचा आहे. गजरा रोज न घेता आठवड्यातून एखाददुसरा दिवस ठरवून घ्या, म्हणजे त्या दिवसाची वाट पाहता येईल. सोन्या ल्यूबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात, आयुष्यात लाभलेल्या चांगल्या गोष्टींची नोंद आठवड्यातून एकदा करणाऱ्यांचे समाधान वाढले, तीन वेळा करणाऱ्यांचे वाढले नाही. रोजची सक्ती झाली की तिचेही काम बनते. तुम्ही नोंद ठेवू इच्छित असाल तर एका वहीत आठवड्याला चार ओळी पुरेत.

आणि इथे तुम्हाला ऋतूंची मोठी मदत आहे. मोगऱ्याचा भर चैत्र-वैशाखात असतो, पावसाला सुरुवात झाली की तो ओसरतो. तोवर सोनचाफा आणि जाई-जुई येतात. भाद्रपद-आश्विनात पहाटे प्राजक्ताचा सडा पडतो, तो माळायचा नसतो, नुसता वेचायचा असतो. बकुळीची फुले सुकली तरी वास सोडत नाहीत. ती जुन्या पुस्तकाच्या पानांत ठेवण्याची रीत आहे, पण वाचनालयाच्या पुस्तकात ठेवू नका, पानांना डाग पडतात. थंडीत शेवंती येते. जेव्हा बाजारात मोगरा दिसेनासा होईल, तेव्हा आनंद गेला असे समजू नका. फक्त टोपलीतले फूल बदललेले असेल. आवडीची फुले आपण वर्षभर मिळवू पाहतो, पण ज्येष्ठात मोगरा हातचा जातो म्हणून पुढच्या चैत्रात तो पुन्हा नवा वाटतो, असे मला वाटते.

काही दिवस मात्र असे येतील की गजरा, पुस्तक, खिडकी यांतले काहीच मनाला शिवणार नाही. लग्नाचा वाढदिवस, त्यांचा वाढदिवस, दिवाळीचा पहिला दिवस, असे दिवस कॅलेंडरवर आधीच बघून ठेवा आणि त्या दिवशी स्वतःकडून प्रसन्नतेची अपेक्षा करू नका. तो दिवस ओलांडला की पुन्हा वाट सापडते. पण कशातच रस न वाटणे, झोप न लागणे, जेवण न जाणे, जगून काय करायचे असे वाटणे हे लागोपाठ दोन-तीन आठवडे चालले, तर ते निमूट सोसू नका, डॉक्टरांकडे जा. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मनःस्वास्थ्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. तुमच्या पत्रावरून तुम्हाला त्याची आज गरज दिसत नाही. हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला असेल, म्हणून लिहून ठेवते.

आता चैत्रगौर. तुम्ही हे करावे का? जरूर करावे, आणि अक्षय्य तृतीयेच्या आत करावे. गौर स्वतःच्या हाताने मांडा, दारात चैत्रांगण काढायला येत असेल तर तेही काढा, त्यासाठी कुणा सवाष्णीला बोलवायची आवश्यकता नाही. आंब्याची डाळ, पन्हे आणि कलिंगडाच्या फोडी एवढे पुष्कळ झाले. पाहुणचार वाढवलात तर दिवस स्वयंपाकघरात जाईल आणि ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्याशी बोलणे राहून जाईल. एका बाबतीत मी तुमच्याहून वेगळे सुचवते. ओटीऐवजी पुस्तक देऊ नका, ओटीबरोबर द्या. ओल्या हरभऱ्यांची ओटी येणाऱ्या प्रत्येकीची भरा, कोणाचा नवरा आहे आणि कोणाचा नाही हे न पाहता भरा, आणि हळदीकुंकू लावण्याआधी प्रत्येकीला, "लावू ना?" असे हळूच विचारा. ज्या विधवा मैत्रिणीला नको असेल तिला संकोच होणार नाही, आणि जिला मनातून हवे असेल तिला कित्येक वर्षांनी कोणीतरी विचारलेले असेल. ओटी काढून टाकली तर विधवांना ज्यातून वगळले जाते तीच गोष्ट कार्यक्रमातून वगळल्यासारखे होईल. तुम्हाला ती सर्वांना द्यायची आहे.

पुस्तके नवीनच हवीत असे नाही. तुमच्या घरातली, वाचून झालेली, सुस्थितीतली, पातळशी पुस्तके चालतील. एकसारखी पुस्तके घाऊक आणून वाटू नका. चारच बायका बोलवायच्या आहेत, तर त्या चौघींचा विचार करून चार निवडा. जिची नजर अधू झाली आहे तिला मोठ्या टाइपाचे द्या, जी वाचत नाही तिला सुंदर चित्रांचे द्या. पहिल्या पानावर तिचे नाव आणि तिथी लिहा.

मोठ्या जाऊबाईंना बोलवायचे की नाही, हे तुम्ही विचारलेले नाही, पण प्रश्न मनात असणार. बोलवा. स्वतः फोन करून बोलवा, त्या दिवशी गजरा माळा, आणि इतर सर्वांसारखाच त्यांच्याही हातात एक द्या. त्या आल्या नाहीत तर त्यांच्यासाठी काढून ठेवलेले पुस्तक मुलगा किंवा भाचरू जाईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठवून द्या, सोबत कसलाही निरोप नको. आणि निमंत्रण लेखी पाठवणार असाल, तर कोणाच्याही नावाआधी 'सौ.' किंवा 'श्रीमती' न लिहिता नुसते नाव लिहा, खाली तुमचेही तसेच.